दोन सतरंज्यांमधली फरशी

सतरंजी कितीही झटका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच धूळ निघते. आमच्या व्याख्यानमालेच्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगून संपवावी, तर तिच्याखालून दुसरी निघते.

देवासातली संस्थानं तेव्हा नुकतीच गेली होती. संस्थानं म्हणजे दोन. गाव एक, राजे दोन! रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. राजे गेले, पाती मात्र माणसांच्या डोक्यात राहिल्या. म्हणून आमच्या मास्तरांनी उन्हाळ्यात व्याख्यानमाला काढली. मी चौथीपर्यंत शिकलो, ते यांच्याच हाताखाली. बाहेरचा विद्वान बोलवायचा नाही, गावातल्याच माणसानं आपल्याला जे येतं ते सांगायचं. दोन्ही पातींचे लोक एका छपराखाली बसावेत, एवढीच त्यांची इच्छा.

हॉल झाडून सतरंज्या घालायचं काम माझं. थोरल्या पातीचे अप्पासाहेब, संस्थानात तहसीलदार होते, ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दोन घाल. आणि मधे दोन हात फरशी मोकळी सोड."

मास्तरांनी ऐकलं. मला हळूच म्हणाले, "घाल बाबा. मिटेल एक दिवस ती फट."

*

पहिलं व्याख्यान माहूतबाबांचं. धारच्या दरबारात हत्ती सांभाळण्यात जन्म गेलेला, आता देवासात लेकीकडे राहत. दारात उभे राहून विचारू लागले, "मी धारचा. मी कुठं बसू?"

लोक दोन्ही सतरंज्यांकडं पाहू लागले. शेवटी सरळ स्टेजवर नेऊन बसवलं.

अध्यक्ष अप्पासाहेब. त्यांचं प्रास्ताविक सुरू झालं ते थांबेचना. माहूतबाबा चुळबुळले, खाकरले, आणि हत्तीला द्यायच्या आवाजात गरजले, "बैठ!"

अप्पासाहेब मटकन खुर्चीत बसले!

माहूतबाबांनी हात जोडले. "माफी असावी, सरकार. जुनी सवय. पण खरं सांगतो, हत्तीसुद्धा इतक्या चटकन बसत नाही."

*

दुसऱ्या वर्षी खंडूभाऊ आचारी बोलायला उभा राहिला. धाकट्या पातीतला माणूस. विषय, पाचशे पानांचं श्रीखंड.

आता देवासात श्रीखंडावरून भांडणं होत. दसऱ्याला दोन्ही वाड्यांवर पंगत असे, आचारी दोन्हीकडं खंडूभाऊच. थोरल्या पातीचे म्हणत, त्यांचं आंबट. धाकटीचे म्हणत, त्यांचं पांचट. एक सोयरीक मोडल्याचं मला माहीत आहे.

खंडूभाऊ सहज बोलून गेला, "चक्का मी एकाच फडक्यात टांगायचो. दोन्हीकडचा."

"काय?" दोन्ही सतरंज्यांवरून एकदम आवाज आला.

"साखर पण एकाच परातीत फेटायची. मग अर्धं इकडं, अर्धं तिकडं. दोन वेगळी करायला मला काय चार हात आहेत?"

अप्पासाहेब पांढरे पडले. "अरे, तुमच्याकडचं मी एकदा चाखलं आणि सरळ थुंकलो होतो!"

"पाहिलं होतं मी," खंडूभाऊ म्हणाला. "त्याच दुपारी तुम्ही थोरल्या वाड्यावर तीनदा मागून घेतलं होतं."

*

पुढं एकदा सोनकच्छकडचा एक शेतकरी आला. सापांवर बोलणार होता. बोलता बोलता त्यानं टोपलीचं झाकण उघडलं, आणि पुरुषभर लांब धामण सरळ मधल्या मोकळ्या फरशीवरून सळसळत निघाली!

मग कसली पाती! थोरलीचे वकील धाकटीच्या वाण्याच्या गळ्यात. अप्पासाहेब टेबलावर, आणि त्यांना धरून खंडूभाऊ! शेतकरी ओरडतोय, "अरे भिया, कूदो मती! धामण है, काटे नी!" उड्या मारू नका, चावत नाही ती, हे ऐकतंय कोण!

साप टोपलीत गेला. लोक खाली उतरले, धोतरं सारखी केली आणि आपापल्या सतरंजीवर जाऊन बसले. मास्तर म्हणाले, "साप होता तोवर बरं होतं."

अप्पासाहेबांना ते झोंबलं. उभे राहून म्हणाले, "साप मुद्दाम आमच्या अंगाला सोडला! पुढच्या वर्षी आमची माला वेगळी, हॉलही वेगळा!"

थोरल्या पातीनं टाळ्या वाजवल्या.

मास्तर त्या दिवसापासून खचले. खोकला होताच. मुलगा नागपूरला बोलावत होता. मला म्हणाले, "दोन सतरंज्यांची एक करायला निघालो, तर आता दोन हॉल! माला फुटली की मी जातो रे. इथं कुणाला काय सांगू?" दुसऱ्या दिवशी घरी गेलो, तर पुस्तकं सुतळीनं बांधत बसले होते. मी गाठ मारायला बोट धरलं. दुसरं काय करणार?

*

त्या सालची दोनच व्याख्यानं उरली होती. शेवटचं मास्तरांचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी माझ्या आईचं.

आई सुईण होती, सत्तरी ओलांडलेली. विषय, बाळंतपण!

"भरसभेत? पुरुषांपुढं?" अप्पासाहेब ओरडले.

आई म्हणाली, "पुरुषांना मीच तर बाहेर काढलं."

खिडक्यांना बायकांची गर्दी. आई खाली बसूनच बोलली. मूल आडवं असलं तर हात कसा फिरवायचा, रडलं नाही तर काय करायचं. पुरुष सगळे माना खाली घालून. मी तर दाराआड उभा होतो.

शेवटी म्हणाली, "नाळ कापली की वार पुरायची, घराजवळच्या झाडाखाली. गावात कुणाची कुठं आहे, मला पाठ आहे. अप्पा, तुमची खंडूच्या चिंचेखाली आहे."

खाली घातलेल्या माना एकदम वर झाल्या. एक तर त्यांना 'अप्पा' कुणी म्हणत नसे. आणि खंडूची चिंच म्हणजे धाकटी पाती!

"तुमची आई माहेरी निघाली होती. बैलांची डमणी रस्ता ओलांडते न ओलांडते तोच कळा सुरू झाल्या. मागं वळायला उसंत नव्हती. खंडूच्या ओसरीवर झालात तुम्ही. खंडूच्या आजीनं पाणी तापवलं, तिच्याच लुगड्यात गुंडाळलं तुम्हाला."

अप्पासाहेब म्हणाले, "मग... इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या आजोबांनी टेकडीवरच्या देवीची शपथ घातली होती. संस्थान आहे तोवर बोलायचं नाही म्हणाले. संस्थान गेलं. शपथ सुटली."

अप्पासाहेब उठले आणि निघून गेले. चपला दारातच राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारख्या दोन सतरंज्या घातल्या, मधे दोन हात फरशी सोडून. हॉल भरला. थोरलीच्या सतरंजीवर पुढची एक जागा रिकामी. मास्तर टेबलाशी उभे, सुरुवात करत नव्हते.

अप्पासाहेब आले. अनवाणीच. दारात कालच्या चपला होत्या, त्यांच्याकडं पाहिलं. मग मधल्या वाटेनं चालत आले, अर्ध्यात थांबले, धोतर सावरलं आणि तिथंच, उघड्या फरशीवर, मांडी घालून बसले.

मी धावत आसन घेऊन गेलो.

"असू दे रे," ते म्हणाले. "फरशी गार आहे."