वैशालीचा फोटो मीच काढणार!

मला उत्तम फोटो काढता येतात, हे मला कॅमेरा घेण्याच्या आधीपासूनच माहीत होतं.

कॅमेरा नंतर आला. डिजिटल, दुकानातला सगळ्यात स्वस्त. (दुकानदारानं विचारलं, "घरात लहान मुलं आहेत वाटतं?") त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, सायखेड्याचं स्थळ आलं. मुलगा तिनं एका लग्नात पाहिला होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. मुलाकडच्यांनी आधी फक्त फोटो मागवला.

"स्टुडिओत जाऊन ये," वडील तिला म्हणाले.

"स्टुडिओत? प्लॅस्टिकच्या कुंडीवर हात ठेवून? फोटो मीच काढणार!"

"दादा, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे रे!"

"म्हणूनच!"

पण आमच्या मखमलाबादच्या घरात नवी वस्तू, मग तो फवारणीचा पंप असो की मिक्सर, हळदीकुंकू लावल्याशिवाय कुणी वापरत नाही. आईनं ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध टेकवलं. म्हणजे काचेवर!

"अगं आई, तो त्याचा डोळा आहे!"

"मग कपाळ कुठंय त्याचं?"

मी शर्टाच्या टोकानं काच खसाखसा पुसली आणि विषय संपवला.

कॅमेऱ्याबरोबरची पुस्तिका मी पाठ केली होती. ऊन कोवळं हवं, ते आपल्या पाठीशी हवं, कोपरं अंगाला चिकटलेली हवीत, बटण दाबताना श्वास रोखायचा. सकाळी वैशालीला शेवंतीच्या वाफ्यात उभं करून मी हे सगळं केलं. मागं सरकताना पाट बघा, असं पुस्तिकेत कुठंही लिहिलेलं नव्हतं! तरी गुडघाभर पाण्यात उभा राहून मी कॅमेऱ्याला थेंब लागू दिला नाही.

"आटप रे! फुलं बाजारात जायचीत!" वडील बांधावरून ओरडले.

उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. मी म्हणालो, "झकास!"

प्रिंट आली. शेवंती लाल, आभाळ लाल, आणि मधोमध वैशाली, कानाच्या पाळ्यांपर्यंत लालेलाल.

"साहेब, लाल बल्ब लावला होता का?" लॅबवाल्यानं विचारलं.

"इफेक्ट आहे," मी म्हणालो.

वैशाली किंचाळली, "दादा, मला गोवर आलाय यात!" पण फोटो नेणारे मामा दारात गाडी चालू ठेवूनच उभे होते. त्यांनी पाकीट खिशात कोंबलं आणि निघाले.

निरोप लगेच आला. 'मुलगी पसंत. एवढी लाजाळू पोरगी हल्ली बघायला मिळत नाही.'

लाजाळू? आमची वैशाली फुलबाजारात दलालाशी भांडून शेवंतीचा भाव वाढवून आणणारी. दलाल तिला लांबून पाहूनच चहा मागवायचा!

"कार्यक्रम होईपर्यंत मान खाली ठेव," आईनं तिला बजावलं.

पाहुणे आले. मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "ये पोरी, लाजू नको. फोटोत लय लाजली होतीस."

मी वैशालीला डोळ्यांनी खुणावलं. तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मान वर केली.

"मावशी, मी लाजत नाही. तो फोटो खोटा आहे."

वडिलांच्या घशात पोहे अडकले. तोवर ती कॅमेरा घेऊन आली आणि तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. सगळी काच तांबूस!

"आईनं कुंकू लावलं, आणि दादानं ते नीट सगळीकडं पसरवलं. मी आहे ती अशी आहे. पटत असेल तर बघा." एवढं बोलली खरी, पण मुलाकडं बघायचा तिला धीर झाला नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

आधी मुलगा फिसकन हसला. मग त्याची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आमीबी ट्रॅक्टरला कुंकू लावतो, पण त्याच्या दिव्याला नाय गं बाई! आन् मला भांडणारीच सून पायजे. आमची माणसं तर व्यापारी म्हनंल त्या भावात माल देऊन येत्यात."

सगळ्यांनी श्वास सोडला.

"पन एक अट हाय," ती म्हणाली.

वडील ताठ बसले. आईनं पदर घट्ट धरला. हुंड्याचं बोलणं असंच सुरू होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या बाईनं माझ्याकडं बोट केलं. "लग्नातले फोटो ह्या दादांनी काढायचे नाय."

'विचार करून कळवतो,' असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर आईनं पेढे वाटायला घेतले होते.