बिनशेपटीची अक्षरं

शिंदखेड्यात माझ्या शिवणाच्या दुकानाची पाटी रंगवायला एक म्हातारे पेंटर आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शिडीवर उभं राहून, दारावरच्या फळीवर ते अक्षरांचे उभे दांडे अंगठ्याएवढे जाड काढत, आणि वळणं श्वास रोखून केसासारखी बारीक. टोकाला शेपटी नाही, फूल नाही.

तेवढ्यात घरमालक आले. "बाईचं दुकान आहे, जरा वेलबुट्टी काढा. असली कोरडी पाटी माझ्या भिंतीवर चालणार नाही."

"अक्षर सुंदर शे. तेले दागिना कसाले?" ब्रश न थांबवता पेंटर अहिराणीत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, दुकान कोनं शे?"

"माझं." इतक्या मोठ्यानं हे मी पहिल्यांदाच बोलले.

"मंग शिडी धर."

मालकांच्या देखत मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.