गाडीला झोप लागेना

रोज संध्याकाळी सहा वाजता ताई धाकट्या बहिणीच्या हातात गाडीची चावी ठेवायची आणि म्हणायची, "जा." मग धाकटी फाटकाच्या दिशेने वीस पावलं चालायची आणि विजेच्या खांबापाशी उभी राहायची. ताई गाडीच्या चारही दारांची हँडलं तीन-तीन वेळा ओढायची, डिकी दाबून बघायची, पुढे वाकून दिव्यांकडे नजर टाकायची आणि हात वर करायची. हात वर झाला की धाकटीने परत यायचं.

यात वेडेपणा काहीही नाही, असं ताईचं म्हणणं होतं. गाडी नव्या पद्धतीची होती, पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही. तिला चावी लावावी लागत नसे. चावी नुसती जवळ असली की गाडी माणूस ओळखायची आणि हात लावताच दार उघडायची. म्हणजे कुलूप लागलंय का हे बघायला गेलं की कुलूप उघडणार. "मी बसायला आलेय की तपासायला, हे हिला कळत नाही," ताई म्हणायची. म्हणून चावी लांब न्यायची. वीस पावलंच का, तर खांब तिथे होता म्हणून. हे मात्र ती कधी बोलली नाही.

ताईने एकतीस वर्षं लशींच्या शीतगृहात नोकरी केली होती. लशींना ऊब चालत नाही आणि गोठणंही चालत नाही, त्यामुळे तिथे दिवसभराचं काम म्हणजे दारं लावणं आणि ती लागली आहेत का हे बघणं. नोकरीच्या नवव्या वर्षी ती चार दिवसांच्या रजेवर असताना कोणीतरी एक दार बोटभर उघडं ठेवलं आणि अख्खा साठा फुकट गेला. ताईला कोणी शब्दाने दोष दिला नाही. पण बाटल्या मोजून फेकून देण्याचं काम तिच्याकडे आलं, आणि त्याला दोन दिवस लागले. तेव्हापासून ती प्रत्येक दार तीनदा ओढायची. पहिल्यांदा स्वतःसाठी, दुसऱ्यांदा आधीच्या माणसासाठी आणि तिसऱ्यांदा दारासाठी.

धाकटी शाळेत शिवण शिकवायची. नवरा गेल्यावर ती ताईकडे आठ दिवसांसाठी राहायला आली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने गाडी शिकायचं नाव काढलं नाही. ताई चालवायची, धाकटी शेजारी बसून लाल दिवा लागला की "लाल" म्हणायची. निवृत्तीनंतरही ताई रोज गाडी घेऊन शीतगृहात नव्या मुलींना शिकवायला जात असे. बहात्तराव्या वर्षी तिला सन्मानाने नको म्हणून सांगण्यात आलं आणि गाडी इमारतीखाली उभी राहू लागली. फक्त मंगळवारी भाजीसाठी निघायची, दहा मिनिटं जायला, दहा मिनिटं यायला.

एका मंगळवारी ती निघालीच नाही. दिवा लागेना, पडदा उजळेना, दारसुद्धा चावीच्या पोटातून छोटी खरीखुरी किल्ली काढून उघडावं लागलं. भाचा आपली गाडी घेऊन आला. विम्याच्या कचेरीत काम करणारा, शांत, सगळ्यांचं भलं चिंतणारा माणूस. त्याने दोन गाड्यांच्या मध्ये तारा जोडल्या आणि गाडी जिवंत केली.

"मोठी आत्या, आतला दिवा चालू राहिला असेल."

"राहिला नव्हता."

"असं आपल्याला वाटतं," तो मायेने म्हणाला.

 दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची फेरी सकाळीही होऊ लागली आणि मग दुपारीही. आतला दिवा खरंच विझलाय का हे काचेतून नीट दिसत नसे, म्हणून एकदा दार उघडून बघायचं, मग लावायचं, मग धाकटीला खांबाकडे पाठवायचं. फाटकावरचा रखवालदार धाकटीला म्हणाला, "मावशी, खांब पडत नाही हो, मी बघतो त्याच्याकडे."

एवढी काळजी घेऊनही नवव्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली.

या वेळी भाचा तारा जोडून झाल्यावर वर आला आणि त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "परवा तू माझ्या मुलाला माझ्या नावाने हाक मारलीस."

"तो जन्मल्यापासून मारतेय. तुम्ही दोघं दिसता सारखे आणि ऐकत नाही तेही सारखंच."

"आत्या, मी चेष्टा करत नाहीये. एकदा डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरांनी ताईला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ताई दोनवर जाऊन थांबली कारण पुढे जायची सोय नव्हती. मग टेबलावरची बाटली उचलून तिने सांगितलं की या औषधाची मुदत गेल्या महिन्यात संपली आहे. डॉक्टरांनी बाटली खणात टाकली आणि म्हणाले, "सध्या तरी ठीक वाटतंय." भाच्याने त्यातलं "सध्या तरी" तेवढं ऐकलं.

घरी येताना ठरलं ते असं. तिसऱ्यांदा बॅटरी उतरली तर ताईने चावी भाच्याकडे द्यायची. गाडी नसली तर तिसऱ्या मजल्यावर दोघींनीच राहायचं तरी कशाला? धाकटी आत्या त्यांच्याकडे राहील, मुलांच्या खोलीत. मोठ्या आत्यासाठी एक चांगली जागा त्याने बघून ठेवली होती, तिथे चोवीस तास माणूस असतं. "तुमच्या सोयीचंच बघतोय मी," तो म्हणाला, आणि ते खरं होतं, म्हणून कोणाला भांडताही येईना. ताई एवढंच म्हणाली, "बरं."

त्या "बरं"ची धाकटीला धास्ती वाटली. अडुसष्ट वर्षांत ताईने तिच्यासमोर कोणाला "बरं" म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. ती ताईकडे नकळत लक्ष ठेवू लागली. ताई हातात झाकण घेऊन ओट्यापाशी उभी राहिली की धाकटी श्वास धरायची. विसरली, की विचार करतेय? एकदा ताई वळून म्हणाली, "तोंडाकडे काय बघतेस? झाकण कुठल्या भांड्याचं ते शोधतेय. भांडं तू घेऊन बसली आहेस." भांडं खरंच धाकटीच्या मांडीवर होतं, ती त्यात शेंगा सोलत होती.

गाडीच्या फेऱ्या आता दिवसाला नऊ झाल्या होत्या.

सहाव्या दिवशी धाकटीचा चष्मा सापडेना. गाडीत असेल म्हणून ती चावी घेऊन एकटीच खाली गेली. दाराला हात लावला. गाडीने ओळख दाखवली नाही. तिने पुन्हा हात लावला, मग काचेवर टकटक केली, जसं कोणी आत बसलंय.

वर जाऊन सांगायचं की भाच्याला फोन करायचा? ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग घरातल्या चपलांवर तशीच कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "कोणाला सांगायचं नाही, आधी कबूल करा."

बॅटरीवाला जाडजूड, झोपाळू डोळ्यांचा माणूस होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, बॅटरीच उतरलीय ना? मला वाटलं पोलिसांचं काही आहे."

तो सामानाची पेटी घेऊन आला. छोट्या किल्लीने दार उघडून आणि डिकीचा तळ उचलून त्याने कोपऱ्यातली एक लहानशी बॅटरी उघडी केली आणि पेटीतली आपली बॅटरी तिला जोडली. गाडीने डोळे उघडले. मग त्याने एका तारेभोवती चिमटा लावला. चिमट्याला पडदा होता, त्यावर आकडे होते. एवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय?" ताई जिन्यापाशी उभी होती.

 ताईने उघड्या डिकीकडे पाहिलं, बॅटरीवाल्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. ती शांतपणे म्हणाली, "तिसरी वेळ. त्याला फोन केलास?"

"नाही."

"का?"

"चष्मा नव्हता. नंबर दिसत नव्हता."

बॅटरीवाला डिकीत तोंड घालून म्हणाला, "भांडण नंतर करा. या गाडीला दोन बॅटऱ्या असतात. मोठी आहे ती चाकं फिरवते, तिला काही झालेलं नाही. पण तिला जागं करायचं काम या छोटीचं. छोटी मेली की मोठीत कितीही जीव असला तरी ती पडून राहते."

"आमच्याकडे उलटं आहे," ताई म्हणाली. "मोठीने हलवल्याशिवाय छोटी अंथरुणातून उठत नाही."

"आता असं करू. गाडी बंद केली तरी आतली यंत्रं वीसेक मिनिटं जागी असतात. मग झोपतात, आणि हा आकडा शून्याच्या जवळ येतो. नाही आला तर कुठेतरी वीज गळतेय. अर्धा तास कोणी गाडीला हात लावायचा नाही."

रखवालदाराने दोन खुर्च्या आणून टाकल्या. रखवालदाराने दोन खुर्च्या आणून टाकल्या. तिघं पडद्याकडे बघत बसले, म्हणजे बहिणी बसल्या आणि बॅटरीवाला पेटीवर. आकडा तीनवरून अडीचवर आला, मग दोनवर. अकराव्या मिनिटाला ताई उठली, गाडीला वळसा घालून गेली आणि पलीकडचं दार ओढून आली.

आकडा साडेतीनवर गेला.

"मावशी," बॅटरीवाला म्हणाला.

"दार नीट लागलंय की नाही ते बघितलं. चावी नाहीये माझ्याकडे."

"चावी नसली तरी दाराला हात लागला की ही चावी शोधायला उठते. सापडली नाही तरी उठतेच. बसा."

ताई बसली. दोन, दीड, एक. एकोणिसाव्या मिनिटाला तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून आपोआप उचलला गेला. धाकटीने तो धरला. ताईने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पडद्यावर शून्य आलं, पुढे टिंब, पुन्हा शून्य आणि शेवटी दोन. बॅटरीवाल्याने मिनिटभर त्याच्याकडे बघितलं.

"गळती नाही. दिवाही नाही. दिवसातून किती वेळा तपासता?"

ताई खांबाकडे बघू लागली.

"नऊ," धाकटी म्हणाली. "पाहुणे आले तर दहा."

"आणि चालवता?"

"मंगळवारी. भाजीला."

बॅटरीवाल्याने दीर्घ श्वास घेतला. "तान्हं बाळ झोपलंय का हे बघायला दर तासाला त्याला हलवून उठवलं तर दुसरं काय होणार? उठली की वीस मिनिटं जागी, त्यात मंगळवारी भरलेली सगळी वीज संपते. गाडी चांगली आहे. काही विसरलेलं नाही कोणी. जास्तच लक्षात ठेवलंय."

 धाकटीने हात अजून धरलेलाच होता, आणि तो हात आता ओढ घेत नव्हता. मग ताई म्हणाली, "हे लिहून द्या."

"काय?"

"आत्ता जे बोललात ते. आणि शिक्का मारा."

बॅटरीवाल्याने बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'गाडीत दोष नाही. दिवा चालू राहिलेला नाही. फार वेळा तपासल्यामुळे बॅटरी उतरते.' खाली सही, तारीख आणि दुकानाचा शिक्का. संध्याकाळी आलेल्या भाच्याने तो कागद दोनदा वाचला, एकदा पालथा करून बिलही वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे तू..."

"हो," ताई म्हणाली. "चहा घेणार का?"

बॅटरीवाल्याने जाताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कुलूप लागलं की या गाडीचे बाजूचे आरसे आपोआप मिटतात, तेव्हा वरच्या खिडकीतूनच बघायचं. आणि आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवायची. पहिली गोष्ट ताईला फार जड गेली. पहिले काही दिवस ती खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि धाकटी मुद्दाम भांडी आपटायची, म्हणजे तिचं लक्ष मोडेल. हळूहळू एका नजरेवर भागू लागलं.

दुसरी गोष्ट दोघींना इतकी आवडली की त्या ते कबूल करत नसत. बुधवारी आणि रविवारी त्या शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याने जायच्या, कुठेही न उतरता वळायच्या आणि परत यायच्या. कोणी विचारलं तर "बॅटरीसाठी" म्हणायच्या. कधी शेतांवर धुकं असायचं, कधी काळ्या पाण्याचं एक तळं लागायचं, त्याचं नाव दोघींनाही माहीत नव्हतं आणि दोघींनीही विचारलं नाही. अशी दोन वर्षं आणि काही महिने गेले. बॅटरी एकदाही उतरली नाही.

शेवटच्या वर्षी पावसाळ्यानंतर धाकटीच्या डोळ्यांची तपासणी निघाली. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, त्यामुळे परत येताना तिला सगळं पांढरं आणि पसरट दिसत होतं. लाल दिवा कुठला हेही कळत नव्हतं. ताई एकटीनेच बघत चालवत होती, दवाखान्यातल्या खुर्च्यांना नावं ठेवत होती. इमारतीखाली तिने गाडी एका फटक्यात मागे घेऊन लावली, पलीकडून आली, धाकटीला दंडाला धरून उतरवलं.

त्याच दिवशी दुपारी ताई जेवून आडवी झाली ती पुन्हा नीट उठली नाही. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन दिवस तिचे ओठ हलायचे, पण त्यातून शब्द येत नसत. तिसऱ्या दिवशी ती गेली. भाचा उशाशी बसून रडला, आणि धाकटीला विचारत राहिला की शेवटी काही म्हणाली का, काही सांगायचं होतं का तिला. जेवताना ताई पेपर वाचत होती, एक अक्षर बोलली नव्हती. त्याआधी जिन्यापाशी, धाकटी आंधळ्यासारखी पाय चाचपत असताना, ताई म्हणाली होती, "एकच पायरी आहे, हत्तीसारखा पाय उचलू नकोस."