शेवटच्या पानाला म्हैस

पत्त्यांच्या नव्या कॅटाचा वास आला की मला वडूजच्या घराचा सोपा आठवतो. लढाई संपून आमचे मालक फौजेतून आले, ते तिकडचा एक खेळ घेऊनच. पानामागून पान वाटायचं, दर पानाला डाव वाढवायचा. भिऊन पानं टाकली की हरला. बघून बघून मलाही तो कळायला लागला होता. दिवाळीच्या दुपारी समोर त्यांचा फौजेतला सोबती होता. दोघांनी आधी शेंगांचं एकेक पोतं लावलं, मग एकेक शेळी. चहा द्यायला मी मागून वाकले, तर मालकांच्या हातात एकही कामाचं पान नव्हतं. तरी शेवटच्या पानाला ते म्हणाले, "दुभती म्हैस." पोरांचं दूध तिच्यावरच होतं. मी पानं पाहिल्याचं सोबत्याला ठाऊक होतं. त्याने रोखून माझ्याकडेच पाहिलं. कपबशी वाजू नये म्हणून मी ती घट्ट धरली आणि म्हणाले, "भावजी, आटपा की. तुमची शेळी बांधायला दावं हुडकायचं हाय मला." बराच वेळ बघून त्याने पानं टाकली. "न्हाई गड्या, म्हशीवर न्हाई जायचं." तो गेल्यावर मी चुलीपाशी बसले. मालक दारात आले. "तू कवा शिकलीस गं?" मी पुन्हा चहाचं आधण ठेवलं. आता मी थकले, पण घरावर काही आलं की पोरं अजून आधी माझ्या तोंडाकडे बघतात.