एका पक्ष्याच्या दोन टाइल्स

गल्लीत त्यांना सगळे पॅकिंगवाल्या काकू म्हणत. टाइल्सच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर मध्ये कागद हवाच, नाहीतर एकमेकींना ओरखडतात, हे त्या भाजी निवडतानाही ऐकवायच्या.

त्या कारखान्यात एका उन्हाळ्यात एक चित्रकार टाइल्स रंगवायला आला होता. पुढे तो जगभर गाजला. त्याचं काम न फोडता बांधणाऱ्या काकूंना त्याने जाताना दोन टाइल्स दिल्या. शेजारी ठेवल्या की लांब मानेचा एक पक्षी पुरा व्हायचा. एकीवर चोच आणि मान, दुसरीवर पंख आणि पाय.

काकूंची दोन्ही मुलं जुळी; शाळेत मी शिकवायचे त्याच वर्गात, एका बाकावर. एकाला ओरडलं की दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मोठी झाली, वडील गेले, घराची वाटणी झाली, मध्ये भिंत आली आणि बोलणं खुंटलं.

टाइल्सना मोल आल्याचं कळलं तेव्हा काकूंनी दोघांना एकेक देऊन टाकली.

"अहो, जोडी का फोडलीत? सुट्या टाइलला कोण विचारणार?" मी म्हटलं.

"म्हणूनच तर, बाई. विकायची म्हटली तरी मेल्यांना एका खोलीत बसावं लागेल. चहा मी टाकीन."

तो चहा काही झाला नाही. जुन्या वस्तूंचा एक दुकानदार थोरल्याकडे आला. म्हणाला, "धाकट्याने त्याची केव्हाच विकली मला. आता तुमच्या एकटीला काय भाव?" थोरल्याने चिडून मिळेल त्या भावात दिली. मग दुकानदार पलीकडच्या दारात गेला आणि त्याने धाकट्याला थोरल्याचं नाव घेऊन तेच सांगितलं. आता ते खरं होतं. धाकट्यानेही देऊन टाकली. मधली भिंत वीतभर जाडीची. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दोघांची गाऱ्हाणी ऐकल्यावर काकूंच्या सगळं ध्यानात आलं.

"मग सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं. थोरला म्हणतो, दुकानदार कशाला खोटं बोलेल? धाकटा म्हणतो, आई, तू त्याचीच बाजू घेणार."

मग म्हणाल्या, "एकदा जोडी बघायची आहे. येता बरोबर?"

दुकानात टेबलावर पक्षी पुरा झाला होता. काकू बघत राहिल्या.

"हात नका लावू, आजी. गिऱ्हाईक ठरलंय," दुकानदार म्हणाला आणि बांधायला म्हणून त्याने एक टाइल दुसरीवर पालथी घातली.

"थांबा!" काकू ओरडल्या. त्यांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, मध्ये घातलं, कडा दुमडल्या, सुतळी आवळली. घडी सरळ पडली.

"वा! सवय दिसते."

"कारखान्यात होते," काकू म्हणाल्या. "तिथे एकही ओरखडा पडू दिला नाही. घरी नाही जमलं."