दीवच्या बेटावर होक्याची बिअर

जबलपूरहून वेरावळला थेट गाडी जाते, हे आम्हा बहिणींना कधीपासून ठाऊक होतं. जायचं मात्र यंदा हिवाळ्यात ठरलं. मी जबलपूरला बसायचं, धाकट्या माधुरीनं राजकोटला चढायचं आणि दोघींनी मिळून दीव बेटावर सुटी घालवायची. मी कॉलेजात संस्कृत शिकवते. लग्न केलं नाही, आणि बाबा गेल्यापासून घरात एकटीच असते. माधुरीचं घर मोठं, माणसांचं. त्यातून तिला सवड मिळाली, याचंच मला अप्रूप होतं.

राजकोट आलं तेव्हा मी डब्याच्या दारातच उभी होते. माधुरी दिसली. हातात जेवणाचा डबा होता, बॅग नव्हती.

"ताई, सासूबाई काल न्हाणीघरात पडल्या," ती खालूनच म्हणाली. "मी नाही येऊन राहिली. तू जा मात्र. परत फिरू नको."

"एकटी जाऊन काय करू मी?"

"समुद्र पाहा. चलो, गाडी सुटून राहिली."

तिनं डबा माझ्या हातात कोंबला. गाडी हलली, तशी ती दोन पावलं बरोबर चालली आणि थांबली. जागेवर येऊन मी डबा उघडला. थेपले होते, लिंबाचं गोड लोणचं होतं. दोघींना पुरेल एवढं होतं. बहुधा आदल्या दिवशी, सासूबाई पडायच्या आधीच केलेलं असावं.

वेरावळहून बसनं ऊना, आणि ऊनाहून पूल ओलांडला की दीव. पुलावरून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा मी माधुरीला दाखवायला म्हणून शेजारी वळले. शेजारी एक गृहस्थ मान टाकून झोपले होते. रस्त्याकडेला ताडासारखी झाडं होती, पण ताडाचं खोड सरळ वर जातं, यांच्या खोडाला मात्र फाटे फुटलेले, प्रत्येक फाट्यावर पानांचा झुबका. "होका," कंडक्टर म्हणाला. "हमारे यहाँ का पेड़."

हॉटेलातल्या माणसानं विचारलं, "मैडम, साथ में और कौन है?" कोणी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्या पाठीमागे एकदा पाहून घेतलं. खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी बॅग ठेवली. संध्याकाळी माधुरीचा फोन आला. "कसं आहे गं?"

"खूप मजा येऊन राहिली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. तटावरून समुद्र छान दिसत होता. एका नवीन जोडप्यानं माझ्याकडून फोटो काढून घेतला, 'आपका भी निकालें?' असं विचारलं, आणि मी नको म्हणाले. मग गावातल्या गल्ल्यांतून भटकत राहिले. पिवळी, निळी, गुलाबी घरं, सज्जांना नक्षी. पण दारांना कुलपं, एकामागून एक. ऊन तापलं होतं. एका घराच्या ओट्यावर टेबल-खुर्च्या दिसल्या आणि भिंतीवर हातानं रंगवलेली अक्षरं: होका बियर.

मी बसले ती फक्त सावलीसाठी. आतून साठीच्या पुढचा एक माणूस लंगडत आला. "बेसो, बेन, बेसो (बसा, ताई, बसा)."

"लिंबू सरबत मिलेगा?"

"लिंबू खतम," तो प्रसन्नपणे म्हणाला. "बियर है."

आयुष्यात मी बिअरचा थेंब घेतला नव्हता. आमच्याकडे दारूचं नाव काढलं की आई विषय बदलायची. पण तिथं मला ओळखणारं कोण होतं? एकटं असण्याची ही एवढीच सोय. "थोड़ी देना," मी म्हणाले.

त्यानं काचेच्या पेल्यात आणली. तपकिरी रंग, वर पातळ फेस. पहिला घोट कडू लागला आणि मी तोंड वाकडं केलं. तो हसला नाही. "दूसरा लो," म्हणाला. दुसऱ्या घोटात जुन्या गुळाचा वास आला, मग सुंठीसारखं काही तरी, आणि शेवटी जिभेवर कोरडा, तुरट लाकडी स्वाद राहिला. होक्याच्या फळाची चव अशीच असते म्हणे. वाळलेल्या फळाची साल किसून तो बिअर मुरताना टाकीत घालत असे.

त्याचं नाव वालजीभाई. इंग्लंडात लेस्टरला बिअरच्या कारखान्यात त्याची उमेदीची सारी वर्षं गेली. बायको, मुलं, नातवंडं अजून तिथंच. निवृत्त झाल्यावर तो मात्र बापाच्या घरी परतला. मागच्या पडवीत स्टीलच्या दोन टाक्या बसवल्या आणि आपल्या बेटाची बिअर करायला लागला.

"इस गली के ये ताले?" मी विचारलं.

"सब वहीं हैं," तो म्हणाला. "आधा दीव इंग्लंड में रहता है, बेन."

तिसऱ्या दिवशी माझे पाय आपोआप तिकडेच वळले. वालजीभाई ओट्यावर फळं किसत होता. मीही एक किसणी घेतली. फळ इतकं टणक, की बोटं सोलवटली. तरी बरं वाटत होतं. दुसरं माणूस शेजारी बसून काम करतंय, एवढंही मला खूप दिवसांत मिळालं नव्हतं. दुपारभर गिऱ्हाईक आलं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर चष्मा लावलेली, स्वेटर घातलेली बाई दिसली. त्याची बायको, रमाबेन. वालजीभाईचा आवाज एकदम चढला. दुकान भरलेलं आहे, बसायला जागा नाही, दोन पोरं कामाला ठेवलीत. "देखो, जबलपुर से भी लोग आए हैं!" असं हिंदीत म्हणून त्यानं फोन माझ्याकडे वळवला.

रमाबेननं मला नीट न्याहाळलं. "बहन, बाकी लोग कहाँ हैं?"

मी वालजीभाईकडे पाहिलं. तो फोनच्या मागून माझ्याकडे बघत होता, किसणी हातात तशीच. एक लहानसं खोटं बोलायचं होतं. रोज संध्याकाळी बहिणीशी मी तेच तर बोलत होते. पण ती बाई हजारो मैलांवरून डोळे बारीक करून माझ्या पाठीमागच्या रिकाम्या खुर्च्या शोधत होती.

"भाभी, मैं अकेली हूँ," मी म्हणाले. "कल भी अकेली ही थी. लेकिन बियर अच्छी है."

तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, "मुझे पता था. इनके फोन में कभी किसी की आवाज़ ही नहीं आती."

वालजीभाईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी थोडी थांबले. तो आला नाही. किसणी तशीच टाकून मी निघाले आणि नागवाच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. लोकांची मुलं वाळूत खेळत होती. इतक्या दूर येऊन एका परक्या माणसाचं आपण काय केलं, हेच डोक्यात होतं.

माधुरीचा फोन आला. "काय मग, मजा?"

"नाही गं," मी म्हणाले. "मला खूप एकटं वाटून राहिलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. "मलाही, ताई," ती म्हणाली. "एवढ्या भरल्या घरात." मग आम्ही खूप वेळ बोललो. बऱ्याच वर्षांत तसं बोललो नव्हतो.

निघायच्या दिवशी सकाळी बिचकतच त्या गल्लीत गेले. वालजीभाई ओटा धूत होता.

"आप नाराज़ हो?" मी विचारलं.

"कल था." त्यानं बादली खाली ठेवली. "रमा बहुत रोई. फिर बहुत गालियाँ दीं. बोलती है, दिवाली पे आएगी. रहने को नहीं. देखने को." मग म्हणाला, "मेरी बियर उसने कभी चखी नहीं है."

त्यानं बरोबर न्यायला बाटली पुढे केली. पण पूल ओलांडला की गुजरात, तिथं दारूबंदी. मी नको म्हणाले. मग त्यानं अर्धा पेला भरून दिला आणि संस्कृतच्या प्राध्यापिकेनं भर सकाळी, बॅग खांद्यावर असताना, उभ्यानं तो रिकामा केला.

जबलपूरला परतल्यावर त्याच आठवड्यात मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. माधुरीकडून बातमी माझ्याआधी पोचली होती.

"काहून गं, खरंच प्यायली?" एकीनं विचारलं.

"हो."

"आणि एकटीच गेली होती?"

"एकटीच."

बिअरवर सगळ्या हसल्या होत्या. यावर कोणी हसलं नाही. 'बापरे, मला तर नाही जमणार' असं दोघी-तिघी म्हणाल्या आणि बोलणं साड्यांवर गेलं. चव कशी होती, ते कोणी विचारलं नाही. मला ते सांगायचं होतं.

निघताना चपला घालत होते, तर शैलाताई जवळ आल्या. यजमान गेल्यापासून त्या फार बोलत नाहीत. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "त्या वेरावळच्या गाडीत बायकांना भीती तर नाही ना?"

"नाही. पण ताई, खरं सांगते, सुरुवातीला करमत नाही तिथं."

"इथं तरी कुठं करमून राहिलं," त्या म्हणाल्या, आणि वाकून आपली चप्पल शोधू लागल्या.