चारही चाकांचा वकील

लहानू खोब्रागडे चंद्रपूर–कोरपना एसटी चालवतो, आणि ऑडी हा विषय त्याच्यासमोर काढायची सोय नाही. काढलात तर तुमची बस चुकेल, त्याचं बोलणं संपणार नाही.

सगळ्या ऑडींवर त्याचा जीव आहे असंही नाही. जीव आहे तो क्वाट्रोवर, म्हणजे ज्या गाडीत इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो तिच्यावर. ही प्रीत जडली आदेशच्या दुकानात. आदेश त्याचा जुना दोस्त, चंद्रपुरात गाड्यांचे पार्ट विकतो. त्याच्याकडे एकदा कुणाची तरी जुनी ऑडी ए-फोर जॅकवर चढवलेली होती. लोक गाडी वरून बघतात, लहानूने खालून बघितली. पुढच्या चाकांना दांडा, मागच्या चाकांना दांडा, आणि मध्ये दोघांना जोर वाटून देणारा डबा. लहानू उताणा पडून बराच वेळ बघत राहिला. दर पावसाळ्यात रस्त्याकडेच्या गाळात त्याच्या बसची मागची चाकं फिरून फिरून मरायची आणि पुढची दोन नुसती बघत बसायची, हे त्याने नोकरीभर सोसलं होतं.

"हिच्यात कोणतंच चाक बसून खात नाई बे," तो खालूनच म्हणाला. "याले म्हंतेत समता."

आदेशने गमतीगमतीत त्याचा नंबर 'चार कड्या, विदर्भ' या व्हॉट्सॲप ग्रुपात घालून दिला आणि विसरून गेला. ग्रुप ऑडीवाल्यांचा, कड्या त्यांच्या गाडीच्या चिन्हातल्या. नागपूरचे डॉक्टर, यवतमाळचे कापूस व्यापारी, चंद्रपूरचे कंत्राटदार. नियम असा की ज्याची गाडी त्यानेच बोलायचं. हा नियम लहानूने वाचला नसेल असं नाही. पण कुणी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

बघता बघता ग्रुपात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच झाला. कुणी म्हणालं, नवीन क्वाट्रो बरी, गरज नसली की मागची चाकं मोकळी सोडते, पेट्रोल वाचतं. लहानूने लगेच आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "ते मागचे चाक जावयासारखे हायेत भाऊ, बोलावल्याबिगर येत नाईत. जुन्या गाडीतले घरच्या माणसासारखे, सदा कामाले." त्या आवाजामागे बसस्थानकावरची बाई गाड्यांचे फलाट सांगत असायची. साहेबांचा बंगला स्टँडजवळ असावा, असं लोकांनी समजून घेतलं.

त्याला पुरून उरणारी एकच होती, नागपूरच्या दातांच्या डॉक्टर पुनम मॅडम. त्यांच्याकडे स्वतःची जुनी क्वाट्रो होती आणि तरी त्या तिच्या विरोधात होत्या. विकणाऱ्याकडे दुसरी नव्हती म्हणून घेतली, म्हणायच्या. त्यांचं मत असं, की पुढची दोन चाकं आणि चांगले टायर एवढं माणसाला पुरतं, बाकी सगळं ओझं. नागपुरात बर्फ पडतो का? लहानू म्हणायचा, बर्फ नाही पण कोरपन्याची काळी माती आहे, तिच्यातून निघून दाखवा दोन चाकांवर. मॅडम म्हणायच्या, तुम्ही दाखवा चारांवर. अशी ही भांडणं वर्षानुवर्षं चालली, आणि दोघांचंही त्याशिवाय पान हलेना.

मग माघात ग्रुपाने ठरवलं, रविवारी माणिकगडला जायचं. वाटेत गडचांदूरच्या पुढच्या फाट्यावर लहानूभाऊंनी आपली गाडी घेऊन यावं.

लहानू हवेतच होता. त्याची बायको कमला विहारातून आली तेव्हा तो आरशासमोर शर्ट बदलून बदलून बघत होता.

"गाडी हाय म्हणून सांगतलं का त्यायले?" तिने विचारलं.

"कोणी इचारलंच नाई."

"मंग आता इचारतीन. फोनवर सांगून टाका ना."

"फोनवर सांगतलं तं मले बाहेर काढतीन. आन् मले एकदा तिच्यात बसाचं हाय, कमला."

कमलाने निळा शर्ट पुढे केला.

रविवारी लहानूची सुट्टी होती. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. तो आपल्याच रूटच्या बसने, तिकीट काढून, फाट्यावर उतरला. चार चकचकीत गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या कुर्त्यातल्या उंच बाई. आवाजावरून त्याने ओळखलंच.

"लहानूभाऊ? गाडी कुठी आहे तुमची?"

लहानूने कोरपन्याकडे जाणाऱ्या एसटीच्या पाठीकडे बोट केलं. "ते काय, गेली. मी तिचा डायव्हर हाओ मॅडम. दुसरी गाडी नाई मले."

सगळ्यांच्या माना एसटीकडे वळल्या. मग एक कंत्राटदार ग्रुपाच्या नियमावर बोलू लागला. पुनम मॅडमचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे इतके वर्षं तुम्ही गाडीत न बसता माझ्याशी भांडून राह्यले?"

"भांडण मताचं होतं, मॅडम. त्याले गाडी कायले पाह्यजे?"

मॅडमनी एकदा आकाशाकडे बघितलं. मग रस्त्याकडेच्या पांदणीकडे बघितलं. दोन कपाशीच्या वावरांमधली ती काळी वाट रात्रीच्या पावसाने लोण्यासारखी झाली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"त्या पल्याडच्या बाभळीपर्यंत न्या. मी बाजूला बसते. गेली, तर क्वाट्रोवर मी पुन्हा शब्द बोलणार नाही. अडकली, तर ग्रुप सोडायचा. कबूल?"

"कबूल," लहानू म्हणाला. ग्रुप गेला तर आपलं ऐकून घेणारं कोण उरणार, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. पण हातात किल्ली होती, आणि किल्ली हातात असताना नाही म्हणणारा डायव्हर अजून जन्मायचा आहे.

बसण्याआधी त्याने स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. सीट इतकी खाली, की जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखं वाटलं. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे डावा पाय क्लच शोधत राहिला. "या गाडीत बसून खाणारा एकच हाय मॅडम," तो म्हणाला, "माझा डावा पाय."

मग त्याने गाडी पांदणीत घातली. गाडी क्षणभर हलली, डुलली, आणि चारही चाकांनी माती धरली. लहानूला ते बुडाखालून, कमरेतून, तळहातांतून कळलं. पुढची ओढत होती, मागची ढकलत होती. काचेवर चिखल उडत होता आणि गाडी चालली होती, सरळ, न कुरकुरता. एवढा आनंद त्याला नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडला तेव्हाही झाला नव्हता. "पाहून राह्यले ना? पाहून राह्यले ना?" तो म्हणत होता. पुनम मॅडम दाराची कडी धरून बसल्या होत्या आणि त्याही नकळत हसत होत्या. बाभूळ आता अगदी समोर आली.

आणि कपाशीतून एक म्हातारी बांधावर चढली, डोक्यावर गाठोडं, आणि तिने हात दाखवला.

हात दिसला की एसटी थांबवायची, हे लहानूच्या डोक्यात नव्हतं, पायात होतं. गाडी थांबली. चाकं मातीत बसली. काळ्या मातीत थांबायचं नसतं हे कोरपन्याचं शेंबडं पोरही सांगेल, आणि लहानूलाही ते त्याच क्षणी आठवलं.

मागचं दार उघडून म्हातारी आत बसली. फाट्यापलीकडच्या गावच्या सुगंधाबाई, त्याची रोजची सवारी. "बरं झालं बापू तू आला," त्या म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या. "अर्धं तिकीट हाय ना बायकायले?"

लहानूने पुन्हा पुन्हा पाय दाबला. चारही चाकं समतेने जागच्या जागी फिरली.

"चिखलात काऊन थांबला रे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"हात तं तुमीच दाखवला ना बाई."

शेवटी वावरात उपटून ठेवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, चारही चाकांखाली घातली. लहानूने हळूच पाय दाबला, गाडी करकरत निघाली, आणि धक्का मारणाऱ्या पुनम मॅडमचा पांढरा कुर्ता काळा करून बाभळीपाशी उभी राहिली. फाट्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अडकली ती अडकलीच. लहानूने सीटवरचा चिखल रुमालाने पुसला, किल्ली परत दिली, सगळ्यांना जयभीम केला आणि आलेल्या बसने घरी निघाला. बसमध्येच त्याने ग्रुप सोडला. शब्द म्हणजे शब्द.

"कशी होती?" कमलाने विचारलं. तो तिला जेवणभर सांगत होता, हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे करून. मग त्याचा हात फोनकडे गेला. आता हे कुणाला सांगायचं? फोन दिवसेंदिवस मुका राहिला, आणि लहानूला त्याचं फार वाईट वाटलं.

होळीच्या आसपास एका सकाळी तो भरली बस घेऊन गडचांदूरच्या पुढे निघाला होता. फाट्यावर तीच जुनी क्वाट्रो उभी होती. तिच्यापुढे रस्त्याच्या कडेला पुनम मॅडम, हात वर करून.

बस अर्थातच थांबली. मॅडम चढल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "एक कोरपना. अर्धं." मग ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट धरून बसल्या.

"मी विचार करून राह्यली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गाडी चिखलानं नाही थांबवली, तुम्ही थांबवली. मग तुम्ही पैज हरले कसे? तुमचा नंबर मी ग्रुपात परत टाकला आहे. तुम्ही गेल्यापासून सगळे नुसते अंगठे पाठवून राह्यले, भांडाले कोणी उरलं नाही."

लहानूने आरशात बघितलं. डोळे भरून आले होते म्हणून त्याने उगाच हॉर्न वाजवला.

"मंग मॅडम, शब्द दिला होता. क्वाट्रोवर तुमी आता बोलाचं नाई."

"पऱ्हाट्या घातल्या होत्या भाऊ. पऱ्हाट्यांवर तर दोन चाकंही निघाली असती."

"अजी कशी निघाली असती?"

'चालकाशी बोलू नये' ही पाटी दोघांच्या बरोबर डोक्यावर होती. कोरपना येईपर्यंत दोघं त्या पाटीखाली भांडत होते.